पाळणा मी स्वतः करणार

१ जानेवारी, सकाळी सहा

उठलो. थंडी कडाक्याची. तरी उठलो. व्हीआरएस घेतलेला माणूस दहापर्यंत लोळतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी जगतपुऱ्यात येऊन बघावं.

काल संध्याकाळी इंदूरहून मैत्रेयीचा फोन. मे महिन्याच्या मध्यात बाळ. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, म्हणजे इथे जयपूरला. तिचे सासरे आनंदराव नगरहून तिच्याकडे आलेले, तेही फोनवर. म्हणाले, पाळणा आम्ही पाठवतो, दुकानदार ओळखीचा आहे. मी म्हटलं, मुळीच नाही. पाळणा मी स्वतः करणार. हाताने. मग म्हणाले, वा वा, छंद चांगला आहे.

छंद! बघतोच आता.

मैत्रेयी मात्र म्हणाली, बाबा, मतलब खरंच? मग बारशाला बाळाला तुमच्याच पाळण्यात घालायचं. दुसऱ्या कशात नाही. शब्द दिला आहे.

तेहेतीस वर्षं विमा कंपनीत काढली. डेडलाइन काय असते ते मला कुणी शिकवू नये. फरक एवढाच की तिथे डोक्यावर साहेब होता. हरकत नाही. इथे साहेब मीच, स्टाफ मीच. ऑफिस टाइम दहा ते साडेपाच. जेवणाची सुट्टी अर्धा तास, त्यावर एक मिनिट नाही.

२ जानेवारी

बाल्कनीची कार्यशाळा केली. कुंड्या गच्चीवर नेल्या. दारावर पाटी लावली, ‘कामाच्या वेळेत आत येऊ नये’. बायको, प्रतिमा, बँकेतून आली, पाटी वाचली आणि सरळ आत आली. म्हणाली, तुळस तरी विचारून हलवायची होती. तुळस परत आणली. दिवस असाच गेला, पण पाया घातला गेला.

६ जानेवारी

वेळापत्रक तयार. मोजमाप निळ्या पेनाने, कापणी लाल, जोडणी हिरव्या, पॉलिश काळ्या. मार्चअखेर पाळणा उभा, एप्रिल राखीव. आई म्हणाली, लाकूड कुठाय? तिला सिस्टिम म्हणजे काय ते समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं, पण लाकूड कुठाय?

वय ब्याऐंशी. सोडून दिलं.

१४ जानेवारी

संक्रांत. अख्खं जयपूर गच्चीवर, ‘वो काटा’चा नुसता कल्लोळ. अशा आवाजात एकाग्रता कशी व्हायची? शिवाय बाल्कनीत मांजा येतो. सुरक्षिततेचा प्रश्न आहे. स्वतःला एक दिवसाची रजा मंजूर केली. अर्ज रीतसर केला होता.

१५ जानेवारी

रजा वाढवली. काल पतंग उडवून मान आखडली.

२१ जानेवारी

आज महत्त्वाचा शोध. मी कुठे कमी पडत होतो ते कळलं. मी नाही, सिस्टिम कमी पडत होती. मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. एकट्याने काम करणाऱ्याला अकाउंटेबिलिटी पार्टनर लागतो. आपण त्याला जाब द्यायचा, त्याने आपल्याला. जगात सगळे मोठे लोक हेच करतात म्हणे.

वरच्या मजल्यावरचे रणजितराव मोहिते पकडले. रिटायर्ड सुभेदार, फलटणचे, शेवटचं पोस्टिंग इथल्या मिलिटरी स्टेशनला, मग इथेच राहिले. त्यांनी दिवाळीत हार्मोनियम घेतलं आहे आणि अजून पेटीवरचं कापड काढलेलं नाही. ठरलं. मी पाळणा, ते पेटी. रोज संध्याकाळी सातला एकमेकांना रिपोर्ट. सुभेदार म्हणाले, साहेब, रिपोर्ट चुकला तर शिक्षा काय? फौजी माणूस, बरोबर मुद्द्यावर आला. मी जाहीर केलं: ज्याचं काम नाही, त्याला रविवारी प्याज कचोरी नाही.

त्यांचं काही खरं नाही. साठीला कुणी पेटी शिकतं का?

२५ जानेवारी

रविवार. सुभेदारांनी सा ते सा वाजवून दाखवलं. रडकं वाजलं, पण वाजलं. माझ्या बाजूने मी वेळापत्रक दाखवलं. त्यांनी चारही रंग नीट बघितले आणि म्हणाले, ह्यात काम कुठलं?

नियम म्हणजे नियम. प्याज कचोरी खाल्ली नाही. मावा कचोरीबद्दल नियमात काही नाही. दोन खाल्ल्या.

९ फेब्रुवारी

लाकूड आलं! आदर्श नगरच्या बाजूच्या वखारीतून शिसवीच्या फळ्या. ऑटोतून निम्म्या बाहेर, मी एका हाताने फळ्या आणि दुसऱ्याने टोपी धरून. वखारवाल्याने विचारलं, कारीगर कौन है? मी म्हटलं, सामने खड़ा है. त्याने मला टोपीपासून चपलेपर्यंत बघितलं. बरा दरारा बसला.

प्रतिमा म्हणाली, वा, आता लागा कामाला. तिला काय माहीत! लाकूड बाहेरून आलं की घरच्या हवेत मुरू द्यावं लागतं. असं कुठेतरी वाचलं आहे. किती दिवस ते तिथे दिलं नव्हतं. घाई नको.

२२ फेब्रुवारी

लाकूड मुरतंय.

‘मिशन पाळणा’ नावाचा ग्रुप काढला. प्रतिमा, मैत्रेयी, जावई कौशिक, आनंदराव, सुभेदार. दहा लोकांच्या नजरेत राहिलं की माणूस आपोआप काम करतो. इथे पाचच आहेत, पण पुरे. पहिला प्रगतीचा फोटो टाकला, फळ्या डावीकडून. मैत्रेयीने तीन लाल बदाम पाठवले. ही खरी माझी मुलगी.

१ मार्च

फोटो टाकला, फळ्या उजवीकडून. मैत्रेयीचे बदाम. आनंदरावांनी लिहिलं, हीच फळी मागच्या आठवड्यात भिंतीला टेकून होती ना? अंगठा वगैरे काही नाही. नगरला बसून जयपूरच्या कामाची तपासणी! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? उत्तर दिलं नाही. मोठेपणा दाखवला.

सुभेदार आता ‘सुखकर्ता’ वाजवतात. मध्ये एका ठिकाणी अडखळतात. मी रोज ती चूक त्यांना दाखवतो. जाब विचारण्यात मी कसूर करत नाही. त्यांची जी काही प्रगती आहे ती माझ्यामुळे आहे.

४ मार्च

धुळवड. रजा. ती सरकारी सुट्टी आहे, अर्ज लागत नाही.

१९ मार्च, गुढीपाडवा

साडेतीन मुहूर्तांपैकी एक. इतके दिवस थांबलो ते याचसाठी होतं हे आता सगळ्यांना कळेल. गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, फळीला हळदीकुंकू लावलं, आईने ओवाळलं. सुभेदार हजर. जिगसॉ सुरू केली. काय आवाज, काय भुसा! पहिली फळी कापली. अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. मी उगाच इतकी वर्षं क्लेमचे कागद तपासत बसलो.

संध्याकाळी

फळी चार बोटं आखूड निघाली. टेप चुकीचा आहे. डिझाइन सुधारून पाळणा थोडा लहान केला. प्रतिमा म्हणाली, पाळणा लहान कराल, बाळ कसं लहान करणार? मी म्हटलं, बाळ जन्मतः लहानच असतं.

२७ मार्च

उरलेल्या फळ्या कापायच्या आधी डिझाइन पक्कं हवं. रोज दहा ते साडेपाच व्हिडिओ बघतो. एक मिनिट इकडेतिकडे नाही. डोळे दुखतात. कोण म्हणतं मी काम करत नाही?

४ एप्रिल

सुभेदारांना पार्टनर पदावरून कमी केलं. आज म्हणाले, साहेब, राग मानू नका, तुमचं नाचता येईना अंगण वाकडं चाललंय. मला! ज्याला सा कुठला हे मी शिकवलं, तो मला म्हणींचे डोस पाजतो. निगेटिव्ह माणूस जवळ असला की काम होत नाही, व्हिडिओतही हेच सांगितलं आहे. ते जाताना म्हणाले, मोफत हमाली लागली तर हाक मारा. लागणार नाही.

प्रतिमाला ते पद देऊ केलं. ती म्हणाली, मी ब्रँचमध्ये दिवसभर अठरा जणांच्या मागे लागते, घरी एकोणिसावा नको. पद रिकामं आहे.

८ एप्रिल

मोठा दिलासा. आई दुपारी सहज म्हणाली, रिकामा पाळणा कधी हलवू नये, बाळाला चांगलं नसतं.

हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? म्हणजे बाळ यायच्या आत पाळणा तयार करणं चूकच होतं! नकळत मी योग्य तेच करत आलो. लगेच ग्रुपवर कळवलं, परंपरेचा मान राखून पाळण्याची जोडणी बाळाच्या जन्मानंतर होईल. जन्मापासून बारशापर्यंत पूर्ण बारा दिवस आहेत. माणसाने मनावर घेतलं तर बारा दिवसांत घर उभं राहतं.

कौशिकने नमस्कार पाठवला. आनंदरावांनी काहीच लिहिलं नाही. बोलतीच बंद.

१६ एप्रिल

मैत्रेयी आली. चेहरा काय खुलला आहे पोरीचा! सामान ठेवलं आणि आधी बाल्कनीत गेली. फळ्यांवरून हात फिरवला. आखूड फळीवरूनही. म्हणाली, बाबा, होईल ना? मी म्हटलं, शंका आहे का? ती घाईघाईने म्हणाली, नाही नाही, मतलब असंच विचारलं.

संध्याकाळी आतल्या खोलीत सासूशी फोनवर बोलत होती. मी गेलो तशी गप्प झाली. बायकांच्या गोष्टी असतील.

३० एप्रिल

ऊन. बाल्कनीत उभं राहवत नाही, लू भाजून काढते. कार्यशाळा कूलरसमोर हॉलमध्ये हलवावी असा प्रस्ताव ठेवला. प्रतिमाने फेटाळला. आई म्हणाली, अरे गजानन, मी पाळणा हलवू नको म्हटलं होतं, करू नको म्हटलं नव्हतं. आता सांगते! ब्याऐंशी वर्षांची बाई आपलं स्टेटमेंट अशी फिरवते.

आता काही बदल करता येणार नाही. ग्रुपवर जाहीर झालं आहे.

१० मे

मुलगी झाली.

पहाटे हॉस्पिटल, सकाळी बातमी. दोघी सुखरूप. नर्सने माझ्या हातात दिलं. केवढंसं तोंड, आणि जांभई दिली. मला रडू आलं, सगळ्यांसमोर, खळकन. लाज वाटली नाही. एवढ्याशा जिवाला मी शब्द दिला आहे असं वाटलं. दिलेला तिच्या आईला आहे, पण वाटलं.

घरी आलो. जेवलो नाही. बाल्कनीत गेलो.

११ मे

वेळापत्रक बघितलं नाही. सकाळपासून करवत. जिगसॉ गरम होऊन बंद पडली तेव्हा हाताने कापलं. डाव्या अंगठ्याला लागलं, पट्टी बांधली. ग्रुपवर फोटो टाकायला वेळ नाही.

१३ मे

सुभेदारांना हाक मारली. पद वगैरे काही दिलं नाही. ते बनियनवर आले आणि फळी धरून उभे राहिले. लू चालू होती, दोघेही घामाने निथळत होतो. मी चार वेळा खाच चुकलो. त्यांनी चार वेळा नवी फळी धरली.

हा माणूस मी उगाच कमी केला होता.

१७ मे

स्टँड झाला! दोन बाजूंचे पाय, वर आडवा दांडा. उभा केला, धरून हलवला, लोंबकळून बघितलं. ढिम्म. मैत्रेयी घरी आली आहे, तिला खोलीच्या दारातून दाखवला. ती म्हणाली, बाबा, हे तुम्ही केलं? त्यात आश्चर्य जरा जास्तच होतं, पण मी मनावर घेतलं नाही. आता फक्त खालची पेटी. घोडामैदान जवळच आहे. आनंदराव, या तुम्ही.

२० मे, संध्याकाळी

पेटी टांगली. सुंदर. चहूबाजूंनी पट्ट्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. आई, प्रतिमा, सुभेदार सगळे बघायला आले. म्हटलं, रिकामा हलवायचा नाही ना, मग वजन ठेवून हलवू. दहा किलोची कणकेची थैली आत ठेवली. झोका दिला. एक. दोन. तिसऱ्याला तळ निघाला.

कणीक हॉलभर. कूलरने उरलेली आतपर्यंत पोचवली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडलो असतो. प्रतिमाने केरसुणी घेतली आणि झाडायला लागली. मैत्रेयी बाळाला घेऊन आत गेली. मी तिथेच उभा राहिलो. थैलीच्या जागी कोण असतं, तेवढंच डोक्यात होतं.

तळ परत ठोकता येईल. ठोकणार नाही. त्यात मी बाळाला घालणार नाही.

२१ मे, बारसं

सकाळी ठरवलं होतं की तोंड लपवायचं नाही. आनंदराव आले की दारातच सांगायचं, पाळणा झाला नाही, बोला काय बोलायचं ते. वाक्य पाठ केलं होतं.

आनंदराव आले. मी वाक्य सुरू केलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, गजाननराव, आधी जरा खाली चला, गाडीतून एक वस्तू काढायची आहे. डिकीत चादरीत गुंडाळलेला पाळणा. सागाचा, घडीचा, झालर लावलेला. दोघांनी मिळून वर आणला. माझ्याकडे बघत नव्हते बिचारे. मी म्हटलं, तुम्हाला कालच्या कणकेचं कुणी सांगितलं? ते म्हणाले, कसली कणीक?

विहीणबाई साध्या. म्हणाल्या, अहो, मैत्रेयीने एप्रिलमध्येच सांगून ठेवलं होतं, पाळणा आणा, पण बाबांना दिसू देऊ नका. त्यांचा झाला तर तसाच परत न्या.

मी हॉलमधून बाल्कनीत गेलो.

बारसं छान झालं. खरंच छान झालं. खालीवर नेऊन बाळाला पाळण्यात घातलं, आत्याने कानात नाव सांगितलं, उत्कर्षा. पाठीवर धपाधप बुक्के, घुगऱ्या, पेढे. पाळणा म्हणताना बायकांचा सूर भरकटला तेव्हा सुभेदारांनी पेटीवर धरून दिला. कुठेही अडखळले नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी बोट माझ्याकडे दाखवलं, गुरू म्हणून. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

पाहुणे गेल्यावर मैत्रेयीला गाठलं. राग होता. म्हटलं, विश्वास नव्हता तर ग्रुपवर दर वेळी बदाम कशाला पाठवत होतीस? ती बाळाला थोपटत होती. म्हणाली, बाबा, ते तुमच्यासाठी होते. पाळण्यासाठी नव्हते.

वाईट वाटलं. फार वाटलं. आणि बरंही वाटलं, ते का हे मला सांगता येणार नाही.

२३ मे

ग्रुपवरून सगळे एकेक बाहेर पडले आहेत. मी आणि मैत्रेयी उरलो. ती बहुतेक विसरली आहे.

स्टँड मोडून फळ्या विकाव्यात असं आनंदरावांनी जाताना सुचवलं. साफ नाही म्हटलं. माझा स्टँड आहे. ज्याला नावं ठेवायची त्याने आधी लोंबकळून दाखवावं.

२५ मे

सकाळी उठून बघतो तर प्रतिमाने स्टँडच्या दांड्यावर बाळाचे लंगोट वाळत घातले आहेत. पायांना आडव्या दोऱ्या बांधून दुपटीसुद्धा. मी काही बोलायच्या आत म्हणाली, अहो, किती सोयीचं केलंत हो हे, बाजारात असं मिळत नाही.

टोमणा होता का ते नीट बघितलं. नव्हता.

लू सुटली होती. शेजारच्यांच्या दोरीवरचे कपडे खाली रस्त्यावर गेले. आमचे दुपारपर्यंत कडकडीत वाळले, स्टँड जागचा हलला नाही. आनंदरावांच्या सागाच्या पाळण्याची कडी मात्र चौथ्या दिवशीच कुरकुरायला लागली आणि बाळ दचकून उठतं. कुणाला काही न सांगता मी तिला तेल घातलं.